हाडात उतरलंय

“उतरलंय म्हणले ना डॉक्टर? मग तोंड पाडून कामून बसलीस, वैनी?”

हे माझ्याशी बोलणं नव्हतं. तपासणीच्या खोलीबाहेर एक लांब लोखंडी बाकडं होतं. त्याच्या एका टोकाला दोघी नणंद-भावजया बसल्या होत्या आणि दुसऱ्या टोकाला मी, मांडीवर रिकाम्या रक्तनळ्यांचा स्टँड घेऊन. मधे त्यांची पिशवी होती. तिच्यातून भाकरीचा आणि लसणाचा वास येत होता.

“तोंड नाय पाडलं,” भावजय म्हणाली. “मांडी ठणकतीय.”

“ठणकंलच की. विंचू उतरला तरी दिसभर ठणका राहतोच. म्हणून काय विंचू अंगातच बसलाय म्हणायचं?”

भावजय हसली. बऱ्याच दिवसांनी हसल्यासारखी हसली. मी नळीवर चिठ्ठी चिकटवत होते, ती वाकडी चिकटली.

आत डॉक्टर काय म्हणाले ते मी ऐकलं होतं, कारण मी आतच भिंतीला लागून उभी होते. “मावशी, आजार हाडात उतरलाय,” ते म्हणाले होते. “गोळी बदलून देतो. पुढच्या आठवड्यात मांडीला शेक सुरू करू, इंजेक्शनही लागेल. वजन उचलायचं नाही.” शेक म्हणजे रेडिएशन, आमच्याकडे सगळे तेच म्हणतात. हे सगळं एका दमात, पुढचा केसपेपर ओढता ओढता. दारात पुढची बाई उभीच होती. नणंदेनं मान डोलावली, भावजयीनं पदर सावरला आणि दोघी बाहेर आल्या. बाकड्यावर टेकेपर्यंत त्या वाक्यातलं ‘हाडात’ कुठेतरी गळून पडलं होतं आणि ‘उतरलाय’ तेवढं हातात राहिलं होतं.

ताप उतरतो. सूज उतरते. विंचू उतरवतात, दृष्ट उतरवतात, दारूसुद्धा सकाळपर्यंत उतरते. उतरलं म्हणजे गेलं. फक्त आमच्या कर्करोग विभागात उतरलं म्हणजे आलं. फुप्फुसात उतरलं, यकृतात उतरलं, हाडात उतरलं. हा शब्द तिथे कुणी आणला ते कुणाला ठाऊक नाही. एखाद्या भल्या डॉक्टरनेच आणला असेल, ‘पसरलं’ म्हणताना समोरच्या बाईचा चेहरा बघवत नसेल म्हणून. मग जुन्यांकडून नव्यांकडे जात जात तो इतका गुळगुळीत झाला की बाहेरच्या जगात त्याचा अर्थ बरोब्बर उलटा आहे हे कुणाच्या कानाला टोचेना. मीही तो रोज ऐकत होते. त्या दिवशी विंचवामुळे पहिल्यांदा टोचला.

आता माझ्या हाताखाली दोन मुली काम करतात. त्यांना मी पहिल्याच दिवशी सांगते की हा शब्द वापरायचा नाही. त्या मान डोलावतात आणि महिन्याभरात वापरायला लागतात. मग मी परत सांगते. याचाही आता कंटाळा येतो.

मी डॉक्टर नव्हते. म्हणजे बायका मला डॉक्टरीणबाई म्हणायच्या आणि मी दुरुस्त करत नसे, पण मी बायोकेमिस्ट्रीत एम.एस्सी. करून त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर पीएच.डी. करत होते. छातीचा कर्करोग हाडात का जातो हा आमचा विषय. आजही माझा विषय तोच आहे.

तो सांगायला सोपा आहे. हाड आपल्याला दगडासारखं वाटतं, पण ते रोज थोडं मोडत असतं आणि रोज थोडं बांधलं जात असतं. मोडणाऱ्या पेशी वेगळ्या, बांधणाऱ्या वेगळ्या. दोघींना कामाला लावणारी आणि थांबवणारी हार्मोन्स असतात. छातीतली गाठ काढून टाकली तरी तिच्यातल्या काही पेशी आधीच रक्तातून निसटलेल्या असू शकतात. त्या हाडाच्या आत जाऊन बसतात, कधी वर्षानुवर्षं नुसत्या बसून राहतात. मग केव्हातरी एका हार्मोनसारखाच पदार्थ सोडून मोडणाऱ्या पेशींना भडकवतात. हाड मोडलं की त्यात साठवलेला खुराक मोकळा होतो. तो खाऊन कर्करोग वाढतो, वाढला की आणखी मोडायला लावतो. शरीरातलं बाईपणाचं हार्मोन कमी करणारी एक गोळी असते, ती या कर्करोगाला उपाशी ठेवते. पण हाडंही त्याच हार्मोनवर जगतात. ती झिजतात.

“चोराला उपाशी मारायचं म्हणून घरातलं धान्य उकिरड्यावर टाकायचं, असं आहे हे,” माझ्या मार्गदर्शक मॅडम म्हणायच्या. त्यांनी सगळी नोकरी या एका फेऱ्यात घातली होती. मी त्यांच्याकडे आले तेव्हा त्यांची निवृत्ती जवळ आली होती आणि त्यांचा आवाज सकाळीसुद्धा संध्याकाळसारखा असायचा. हाड आतून पोखरायला लागलंय हे फोटोत दिसायच्या आधी रक्तातल्या एखाद्या खुणेवरून कळेल का, एवढाच आमच्या दोघींचा प्रश्न होता. उत्तर कधी हो वाटायचं, कधी नाही. बहुतेक वेळा काहीच वाटायचं नाही. उन्हाळ्यात वीज जायची आणि डीप फ्रीझर लहान मुलासारखा रडायला लागायचा. परदेशातून मागवलेलं किट वाटेत कुठेतरी उन्हात पडून राहायचं आणि हाती यायचं तेव्हा नासलेल्या दुधाइतकंच ताजं असायचं. पाठवलेला लेख परत यायचा, त्याच्यासोबत कुणा अनोळखी माणसाची सभ्य शब्दांतली शंका. मी दमलेय असं तेव्हा मी म्हणत नसे. घरी आल्यावर सँडलचा पट्टा सोडायला वाकावंसं वाटत नसे, इतकंच.

आणि आमच्या अभ्यासातून बायका गळायच्या. पहिल्यांदा रक्त द्यायच्या, दुसऱ्यांदा यायच्याच नाहीत. आम्ही कारणं काढायचो. कापूस वेचणीला आला असेल. गाव लांब आहे, गंगापूरकडच्या बायकांना जीप मिळत नसेल. नवरा पाठवत नसेल. सगळी कारणं खरी असू शकत होती, म्हणून आम्ही पुढे शोधलं नाही.

मॅडमचा एक नियम होता. “आपण रक्त घ्यायचं. आजाराविषयी बोलायचं नाही. ते डॉक्टरांचं काम.” नियम बरोबरच होता. अर्धवट माहितीच्या माणसाने रुग्णाला काही सांगू नये. पण मला तो आवडायचा तो बरोबर होता म्हणून नाही. मला गप्प राहायची सरकारी परवानगी मिळाली होती.

गप्प राहणं आमच्या घरात जुनं आहे. आजोबा निजामाच्या राज्यात महसूल कचेरीत कारकून होते, सगळं दप्तर उर्दूत. पोलिस ॲक्शननंतर हळूहळू दप्तराची भाषा बदलली. घरात जन्मभर मराठी बोललेला माणूस, पण मराठीत टिपण लिहायची वेळ आली तेव्हा हात अडायला लागला. साहेबासमोर चूक व्हायला नको म्हणून ते कचेरीत बोलेनासेच झाले, असं बाबा सांगतात. बाबा मराठी शाळेत शिकले आणि बँकेत इंग्रजीपाशी अडले. म्हणून मला इंग्रजी शाळेत घातलं. मी आले ती इथे, जिथे समोर पाचोडच्या, फर्दापूरच्या, गंगापूरच्या बायका बसलेल्या असतात. प्रत्येक पिढीला शिकवलेली भाषा आणि कामाची भाषा यांची चुकामूक. त्यामुळे तोंड मिटून कामाचं कौतुक मिळवायची सवय तिघांनाही सारखीच लागली.

एक गोष्ट मात्र मला मोठ्याने करावीच लागायची. संमतीपत्र वाचून दाखवणं. त्याचं मराठी बाहेरून कुणाकडून तरी करून आणलेलं होतं. मी बाकड्यावर त्यांच्याजवळ सरकले आणि वाचायला लागले.

“‘सदर संशोधनात आपल्या अस्थींमधील बदलांचा अभ्यास करण्यात येईल...’”

“काय म्हणली?” नणंद पुढे वाकली. “अस्थी?”

“म्हणजे हाडं,” मी म्हटलं.

“अगं बया. वैनी, ही पोरगी तुझ्या अस्थी मागतीय. पैठणला न्यायच्या का नाशिकला, इचार तिला.”

“आधी जळू तर द्या, वन्सं,” भावजय म्हणाली. “एवढी घाई कामून?”

पलीकडे उभी असलेली बाई पदर तोंडाला लावून हसली. माझे कान तापले. मी कागदात बघत राहिले.

“शिकली कुठं गं तू?” नणंदेनं विचारलं.

“इथंच.”

“इंग्रजी साळंत आसंल.”

“हो.”

“तरीच,” ती म्हणाली, आणि माझ्या गुडघ्यावर थाप मारली. थाप चांगली होती. रागावता आलं नाही.

भावजयीनं सही केली. अक्षर शाळेत शिकलेलं होतं, गोल, सावकाश. मी तिच्या दंडाला रबरी पट्टा बांधला. रक्त काढायला मी तिथेच शिकले होते आणि त्यात माझा हात चांगला होता. बोलायला लागू नये म्हणून मी हात चांगला ठेवला होता. तिचा तळवा वर केला आणि मला एकदम शिंक आली. परत एक.

“मिरची हाय ती,” नणंद म्हणाली. “पाचोडच्या बाजारात बसती ही, वाळल्या मिरच्या घेऊन. कितीबी हात धुतला तरी जात नाय. हिचं रगत बी तिखट निघंल, बघ.”

शीर लगेच सापडली. नळी भरत होती तोवर त्या दोघींचं बोलणं माझ्या डोक्यावरून चालू होतं, जणू मी तिथं नव्हतेच.

“आता घरी गेल्यावर माझ्या भावाला छपराचं आढं बदलाया लाव,” नणंद म्हणत होती. “परवा जेवाया बसले तर ताटात भुसा. भाकरीवर पिठी भुरभुरल्यावानी.”

“टेकू दिलाय की त्याला.”

“म्हणून पडलं नाय आजून. वरून बघाया कसं गुळगुळीत, आन् भुंग्यानं आतून पार पोकळ केलंय. एखाद दिशी टकुऱ्यात पडंल.”

“तुमच्या भावाच्या पडंल. मी बाजारात आसंन.”

“व्हय, बाजारात. दोन म्हैनं झालं, बाजारात माझा नवरा पोती उचलतोय तुझी. त्याची कंबर धरली.”

“मग उद्यापासून नका धाडू त्यांना,” भावजय म्हणाली. “उतरलंय म्हणल्यावर आता कशाला? टेम्पोतनं पोती मीच उतरवीन.”

मी सुई बाहेर काढली. कापूस दाबून धरायला सांगितलं. तिच्या उजव्या मांडीच्या हाडाचा फोटो मी त्या सकाळी खिडकीच्या उजेडात धरून बघितला होता. खुब्याजवळ, जिथे सगळ्या अंगाचा भार येतो तिथेच, एक मोठी काळी पोकळी होती आणि तिच्याभोवती कागदासारखी पातळ कड उरली होती. आमचे वरिष्ठ डॉक्टर ती बघून म्हणाले होते, पायरी चुकली तरी हे मोडेल. मग ती जन्मभर उठायची नाही.

मला बोलायला हवं होतं. वाक्य घशापर्यंत आलं आणि ते इंग्रजीत होतं. मी म्हटलं, “दहा मिनिटं इथेच बसा, चक्कर येऊ शकते.” आणि स्टँड घेऊन जिना चढले.

वर मॅडम खिडकीपाशी खुर्चीत बसल्या होत्या, पाठीमागे उशी. त्यांची कंबर अलीकडे दुखायची आणि त्या स्वतःच्या हाडांविषयी एक अक्षर बोलत नसत. मी नळ्या ठेवल्या आणि जे ऐकलं ते सांगितलं. विंचू, पोती, टेम्पो. मॅडमशी मी इंग्रजीत बोलायचे, पण हे इंग्रजीत सांगताच येईना. ‘उतरलं’ला तिकडे दोन अर्थच नव्हते. शेवटी मराठीत सांगितलं.

 त्या चष्मा काढून पदराने पुसायला लागल्या.

“इतकी वर्षं हा शब्द ऐकतेय,” त्या म्हणाल्या. “मला कधी ऐकूच आला नाही.”

“मला पण आजच.”

“ज्या परत आल्या नाहीत...” त्यांनी वाक्य सोडून दिलं.  किती जणी गावाच्या लांबीमुळे आल्या नाहीत आणि किती जणी बऱ्या झाल्याच्या आनंदात घरी गेल्या, हे आता कुठल्याच रक्तातून कळणार नव्हतं.

“नमुना मशीनला मी लावते,” मॅडम उठत म्हणाल्या. “तू खाली जा. डॉक्टरांना सांग. सांगायचं त्यांनीच, आपण नाही. पण सांग त्यांना.”

खाली रांग जिन्यापर्यंत आली होती. डॉक्टर वयाने माझ्याएवढेच असतील. नांदेडकडचे होते, त्या आठवड्यात बहुधा धड झोपले नव्हते. टेबलाच्या खणात डबा उघडा होता आणि पोळीचा एक घास तोडून तसाच ठेवलेला होता. मी दाराशी उभी राहिले. ते वर बघेपर्यंत उभी राहिले. माझी पद्धतच ती.

“बोला मॅडम.”

“त्या पाचोडच्या पेशंट. त्यांना वाटतंय आजार बरा झाला.”

“असं कसं? मी सांगितलं ना. हाडात उतरलंय म्हणून.”

“त्यांनी ‘उतरलंय’ घेतलं. ताप उतरतो तसं.”

 त्यांनी हातातलं पेन टेबलावर ठेवलं आणि दोन्ही तळव्यांनी डोळे चोळले. “अरे देवा,” ते हळूच म्हणाले. “माझी आई पण असंच म्हणते. ताप उतरला, सूज उतरली.” समोर बसलेला म्हातारा कान देऊन ऐकत होता. “घेऊन या त्यांना परत. रांगेत मधे घेतो. आणि यायला नाही म्हणाल्या तर तुम्हीच सांगा. मी जे सांगितलंय तेच, फक्त कळेल असं. चालेल. मी सांगतोय म्हणून सांगा.”

“मी?”

“तुमचं मराठी चांगलं आहे की.”

तो टोमणा होता की थकवा, मला आजही कळलेलं नाही.

बाकड्यावर त्या नव्हत्या. दुसऱ्याच बाया बसल्या होत्या, कोथिंबिरीची जुडी आणि एक झोपलेलं मूल घेऊन. औषधाच्या खिडकीपाशी नव्हत्या. म्हणजे नवी गोळी घेतलीच नव्हती. मी फाटकाकडे धावत गेले नाही, मला धावता येत नाही लोकांसमोर, पण भरभर चालले. ऊन पांढरं होतं. रिक्षावाले सावलीत गाड्या लावून आत पाय वर घेऊन झोपले होते. फाटकाजवळच्या लिंबाखाली कट्टा आहे, तिथे त्या दोघी फडकं पसरून जेवत बसल्या होत्या. त्यांना बघून आधी बरं वाटलं. मग कशासाठी आले ते आठवलं.

“आली बघ तुझी अस्थीवाली,” नणंद म्हणाली. “ये पोरी. बस. भाकरी खा. किती वाळलीस, कुणी खायाला घालीत नाय का तुला घरी?”

मी बसले. तिने चतकोर भाकरी हातावर दिली, वर ठेचा. नाही म्हणायचं सुचलं नाही.

“डॉक्टरांनी परत बोलावलंय,” मी म्हटलं.

“कामून? काय राहिलं?”

“त्यांना परत एकदा नीट सांगायचंय.”

“सांगितलं की सगळं. उतरलंय. आता त्या रांगेत पुन्ना बसलं तर पाचोडची गाडी जाती. दुसरी दिवस कलल्यावर. मग अंधारात घरी.” ती ठेचा चाटत बोलत होती, मजेत होती. “गोळ्या तिकडंच घेऊ बाजारात. आन् शेक म्हणले, तो काय, वीट तापवून घरी बी देता येतो. मी देते. माझ्या सासूला दिलाय.”

शेकसुद्धा. तो शब्द मी धरलाच नव्हता. आम्ही त्यांच्याशी त्यांच्याच शब्दांत बोलत होतो आणि एकेक शब्द त्यांच्या गावाकडे पाठ करून उभा होता.

“ते मशीनने देतात,” मी म्हटलं. “विटेने नाही.”

“मशीन काय, वीट काय. उतरलंय ना? मग झालं.”

मी भाकरीकडे बघत होते. डोळ्यांसमोर आमच्या लेखांतले शब्द यायला लागले, एकामागून एक, सगळे लांब, सगळे लॅटिनच्या घरातले. त्यांचं मराठी केलं की संमतीपत्र व्हायचं. ‘पसरलंय’ म्हणावं का? पसरतं ते पाणी, पसरते ती बातमी. तिला वाटेल सगळीकडे झालं, संपलं आता. तसंही नव्हतं. तिच्याजवळ अजून वेळ होता, बऱ्यापैकी होता. गोळी होती, शेक होता. फक्त तो पाय सांभाळायला हवा होता. ‘गेलंय’ म्हणावं, तर तेही उतरलंयसारखंच. मी एक चांगला शब्द शोधत होते. न टोचणारा. मग लक्षात आलं की आधी कुणीतरी असंच शोधत बसलं असणार, आणि त्याला ‘उतरलं’ सापडला असणार.

 भावजयीच्या हातातला घास हातातच होता. ती माझ्याकडे बघत होती. मी इतक्या उन्हात का आले, भाकरी का खात नाही, माझी मान वर का होत नाही, हे ती बाजारात गिऱ्हाईक बघावं तसं बघत होती. तिने घास खाली ठेवला. उजवी मांडी हाताने धरून जरा माझ्याकडे वळली.

“व्हय गं,” तिने विचारलं. नणंदेला नाही, मला. “उतरलंय ना?”

हो म्हणणं सोपं होतं. हो म्हणून उठून जाता आलं असतं. वर जाऊन मशीनचा आवाज ऐकत बसता आलं असतं. संध्याकाळी घरी जाऊन सँडलसकट बसून राहिले असते, आणि पुढच्या महिन्यात ती आली नसती की आम्ही म्हटलं असतं, गाव लांब आहे. नणंदेचा हात ठेच्याच्या डबीवर थांबला होता. तीही आता माझ्याकडे बघायला लागली होती.

मी भाकरी फडक्यावर ठेवली. माझा आवाज मला वाटला त्याहून मोठा निघाला.

“नाही, मावशी. उतरलेलं नाही. छातीतला आजार तुमच्या मांडीच्या हाडात जाऊन बसलाय. तुमच्या आढ्याला भुंगा लागलाय ना, तसा आतून खातोय. टेकू देता येतो, म्हणूनच ती गोळी आणि मशीनचा शेक. पण उद्या पोती उतरवू नका. हाड मोडेल.”